ऑनलाइन कोर्समध्ये काय काय टाकायचं? ताराबाई मोडकांच्या आयुष्यात उत्तर आहे

मूडल किंवा गूगल क्लासरूमवर पहिल्यांदा कोर्स बनवायला बसलं की एक ठरलेला प्रकार होतो. कोर्सला नाव दिलं, वर एक फोटो चिकटवला, आणि मग नवीन काही जोडायचं बटण दाबलं की भली मोठी यादी समोर येते. फाइल, पेज, लिंक, क्विझ, असाइनमेंट, शब्दसंग्रह, प्रश्न विचारणारा व्हिडिओ. यातलं काय घ्यायचं? बरेच जण थोडंथोडं सगळंच घेतात. बाकीचे सरळ दोन तासांचा व्हिडिओ चढवतात आणि कोर्स तयार झाला म्हणून मोकळे होतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळची गडहिंग्लजची, आणि काम करते ते अशाच कोर्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. त्यामुळे गावाकडचे क्लासवाले सर असोत, शिवणकाम शिकवणाऱ्या काकू असोत, नाहीतर पोरांना फुटबॉल शिकवणारा एखादा दादा, कोर्स काढायचा म्हटलं की हा प्रश्न माझ्याकडे येतो. बटणं कुठे आहेत हे मी दोन मिनिटांत दाखवते. कुठलं बटण कधी दाबायचं हे मात्र मला सॉफ्टवेअरच्या मदत-पानांपेक्षा एका बाईंच्या आयुष्यातून जास्त चांगलं समजलं. त्यांनी आयुष्यात कधी कोर्स अपलोड केला नाही. त्या १९७३ मध्येच गेल्या. त्यांचं नाव ताराबाई मोडक.

नाव ऐकलं नसेल, तरी त्यांच्या कामातून आलेला एक शब्द तुम्हाला नक्की माहीत आहे. तो शब्द म्हणजे अंगणवाडी.

मुंबई, अमरावती, राजकोट

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं होतं आणि आईचा विधवा-पुनर्विवाह झालेला होता. त्या काळात असं कुटुंब म्हणजे चारचौघांच्या टीकेचा विषय. पण या घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्ण वासुदेव मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ते टिकलं नाही. १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले.

आता विचार करा. साल १९२१, पदरात लहान मुलगी, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई. ताराबाईंनी राजकोटला महिला अध्यापिका घडवणाऱ्या बार्टन कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी धरली. पद मोठं होतं, पगार होता, मान होता. तरी त्या तिथे फार काळ रमल्या नाहीत, कारण याच सुमारास त्यांना भावनगरच्या एका माणसाच्या कामाची ओढ लागली.

गिजुभाईंची शाळा

तो माणूस म्हणजे गिजुभाई बधेका. पेशानं वकील, पण वकिली सोडून लहान मुलांत रमलेले. १९२० मध्ये त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. ताराबाई सुरक्षित नोकरी सोडून तिथे गेल्या. दोघांसमोर नमुना होता मारिया माँटेसरींचा. या इटालियन डॉक्टरबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं होतं.

माँटेसरी पद्धतीतलं एक साधन बघूया, कारण आपल्या विषयाचा गाभा त्यात आहे. एक लाकडी ठोकळा असतो, त्याला वेगवेगळ्या मापाची दहा भोकं. प्रत्येक भोकात बसणारी एकेक दट्ट्या असते. मूल सगळ्या दट्ट्या बाहेर काढतं आणि परत बसवायला लागतं. मधे कुठे चुकीची दट्ट्या चुकीच्या भोकात गेली, तर शेवटी एक दट्ट्या उरते आणि ती कुठेच बसत नाही. बाईंनी काही बोलायची गरज नाही. चूक झाली हे साधनानंच सांगितलं. मूल सगळं काढून पुन्हा सुरुवात करतं.

चांगली क्विझ अशीच असते. दहा प्रश्न सोडवून शेवटी दहापैकी चार असा नुसता आकडा दाखवला, तर शिकणाऱ्याच्या हाती काय लागलं? प्रत्येक उत्तरानंतर ते का चुकलं हे लगेच दिसलं, आणि पुन्हा प्रयत्न करता आला, तर ती क्विझ त्या ठोकळ्यासारखं काम करते. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहायची सोय आहे. बहुतेक जण ती रिकामी सोडतात.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी माँटेसरींचं सगळं जसंच्या तसं मात्र घेतलं नाही. अगदी लहान मुलांना परीकथा, कल्पनेतल्या गोष्टी सांगण्याबद्दल माँटेसरी साशंक होत्या. भावनगरच्या बालमंदिरात मात्र गोष्टी होत्या, गाणी होती, नाटकं होती. आपल्याकडची मुलं आजीच्या गोष्टीवर वाढतात, मग शाळेनं ती गोष्ट दाराबाहेर का ठेवायची, असा त्यामागचा विचार. परदेशातून आलेल्या तयार अभ्यासक्रमात त्यांनी नवे प्रकार जोडले, आणि जोडताना नजर समोरच्या मुलांवर होती.

शिकवणाऱ्यांसाठीही कंटेंट लागतो

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंबरोबर ताराबाई शिक्षणपत्रिका हे मासिक चालवत होत्या. ते आधी गुजरातीत निघालं, मग मराठीतही आलं. हे मासिक पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी होतं. घरात मूल हट्ट करतं तेव्हा काय करायचं, मारल्यानं काय बिघडतं, खेळणं कसं निवडायचं, अशा रोजच्या गोष्टी त्यात असायच्या. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं आणि बालशिक्षिका तयार करण्याचं कामही हाती घेतलं.

कोर्स बनवणारे ही बाजू सहज विसरतात. दहावीतल्या मुलासाठी कोर्स असेल तर तो शेजारी बसून बघणाऱ्या आईला एक पानभर मजकूर हवा असतो. आज काय झालं, मुलाला काय विचारायचं, एवढंच. त्याला व्हिडिओ लागत नाही. साधं पेज पुरतं.

बोर्डी: शिंपल्यांवर चालणारी शाळा

दादरची शाळा चांगली चालली होती. नाव झालं होतं. पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. हे सगळं शहरातल्या, फी भरू शकणाऱ्या घरांपुरतंच राहत होतं. खेड्यातल्या, त्यातही सगळ्यात गरीब मुलांचं काय?

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बस्तान हलवलं. जागा निवडली बोर्डी. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं, आजच्या पालघरमधलं समुद्रकाठचं गाव. तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभं राहिलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. लहानपणीच वैधव्य आलेल्या, नोकरी करत शिकलेल्या पस्तीस वर्षांच्या शिक्षिका. पुढची सगळी वर्षं या दोघींचं काम वेगळं काढून दाखवता येत नाही.

बोर्डीत पहिली अडचण साहित्याची. माँटेसरीचे ठोकळे, मनोरे, पट्ट्या हे सगळं मापात घडवलेलं, महागडं. एका शाळेला परवडेल, पण गावोगावी कसं न्यायचं? आणि हरवलं, तुटलं तर दुसरं कुठून आणायचं? ताराबाईंनी साधन आणि साधनाचं काम या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. त्या ठोकळ्याचं काम काय? लहान-मोठं ओळखायला शिकवणं, क्रम लावणं, बोटांना वळण देणं. हे काम दुसरं कोण करू शकेल? शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या, माती. यातलं सगळं आसपास पडलेलं, फुकट, आणि मुलांच्या ओळखीचं. चिंचोके मोजता येतात, पानं आकारानुसार लावता येतात, मातीचं काहीही करता येतं. हरवलं तर मूलच नवीन घेऊन येतं.

आता हाच विचार आपल्या फोनवर आणूया. एक तासाचा व्हिडिओ सेकंदाला १ मेगाबिट या दरानं बनवला, तर त्याची फाइल सुमारे ४५० एमबी होते. त्याच तासाचा फक्त आवाज ६४ किलोबिट दरानं ठेवला तर होतात सुमारे २९ एमबी. आणि मजकूर? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे दहा हजार चिन्हांचा भरपूर मोठा धडा फक्त ३० केबीत मावतो. व्हिडिओच्या तुलनेत पंधरा हजार पट हलका.

याचा अर्थ व्हिडिओ वाईट असा नाही. प्रश्न तोच विचारायचा, ताराबाईंचा. या व्हिडिओचं काम काय? नुसतं बोलणारं डोकं दिसत असेल, तर तेच काम ऑडिओ करतो, तेही खिशात फोन ठेवून ऐकता येतं. हातानं करायची कृती दाखवायची असेल, तर मात्र व्हिडिओला पर्याय नाही.

मूल येत नाही, मग शाळाच जाईल

दुसरी अडचण जास्त अवघड होती. शाळा बांधली, साहित्य आणलं, तरी ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ती मुलं येईनात. कारणं साधी होती. आईबाप सकाळीच कामाला गेलेले, लहानग्यांना घेऊन यायला कोणी नाही. वस्ती लांब. जातीची भिंत होतीच, गावच्या मध्यावरच्या शाळेत दलित वस्तीतल्या मुलाला सहज यावंसं वाटेल असं वातावरण नव्हतं.

तेव्हा बालवाडीच वस्तीत नेली गेली. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात जायची आणि तिथेच मुलं गोळा करायची. आधी मुलांचे हातपाय, तोंड धुणं, नखं, केस. मग गाणी, गोष्टी, खेळ, मातीकाम. अंगण म्हणजे सगळ्यांच्या नजरेसमोरची जागा. आया, आज्या कडेला उभ्या राहून बघायच्या, आणि बघता बघता त्याही शिकायच्या. अंगणातली बालवाडी म्हणून अंगणवाडी.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे डिलिव्हरीचं डिझाइन आहे. कंटेंट उत्तम आहे, पण विद्यार्थ्याला लॉग-इन करायला, पासवर्ड आठवायला, नेटवर्कसाठी गच्चीवर जायला लागतं. असा विद्यार्थी तिसऱ्या दिवशी गळतो. मग धडा त्याच्या अंगणात न्यायचा, म्हणजे तो ज्या अ‍ॅपवर आधीच आहे तिथे. ऑडिओ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते. पीडीएफ एकदा उतरवून ठेवली की नेटशिवाय उघडते. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये धडे आधी डाउनलोड करून ठेवायची सोय आहे. कोर्स बनवताना हे तपासणं म्हणजे आधी वस्तीत एक चक्कर मारून येणं.

कोसबाड: एकाच छपराखाली तीन शाळा

१९५७ मध्ये काम बोर्डीहून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथे वारली आणि इतर आदिवासी पाडे. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या. या वयात माणसं निवृत्तीचा हिशेब करतात. त्या मात्र पुन्हा पहिल्यापासून शिकत होत्या, कारण बोर्डीत जे जमलं ते इथे तसंच्या तसं जमणार नव्हतं. मुलांची बोली वेगळी, जगणं वेगळं, दिवसाचं वेळापत्रकही वेगळं.

इथे मुलं शाळेत का येत नाहीत हे त्यांनी एकेक करून शोधलं. आठ-नऊ वर्षांची मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. ते कुठे ठेवायचं? यावर त्यांनी शोधलेलं उत्तर म्हणजे विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईनं धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. तिघांची तीन वयं, तीन प्रकारचं शिक्षण, पण येणं-जाणं एकच.

मुलगा येत नाही, कारण तो गुरं राखायला जातो. गुरं सोडून आला तर घरचं पोट अडतं. मग त्याच्यासाठी कुरणशाळा. गुरं जिथे चरतात त्या कुरणातच शिक्षक जायचे. गुरांवर लक्ष ठेवून, मधल्या वेळात शिकणं. आजूबाजूची झाडं, पाखरं, दगड हेच साहित्य. दिवसभर कामात असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग.

ही यादी पुन्हा एकदा बघा: गाणी, गोष्टी, माती, अंगण, पाळणाघर, कुरण, रात्रीचा वर्ग. हे प्रकार ताराबाईंनी विविधता दिसावी म्हणून गोळा केलेले नव्हते. प्रत्येक प्रकारामागे न येणारं एक मूल आहे. ते मूल का आलं नाही याचा शोध घेतला, आणि त्या कारणाच्या मापाचा नवा प्रकार जोडला. माझ्या मते कोर्स बनवणाऱ्या माणसानं त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच. कंटेंटचा नवा प्रकार जोडण्याआधी सांगता आलं पाहिजे की याच्यामुळे आतापर्यंत बाहेर राहिलेला कोणता विद्यार्थी आत येतो.

मग गडहिंग्लजमधला एखादा कोर्स कसा बनेल?

समजा, फुटबॉलचा कोर्स काढायचा आहे. आमच्याकडे गल्लीतल्या पोरालाही फुटबॉल कळतो, त्यामुळे विद्यार्थी मिळतील. पायाच्या आतल्या बाजूनं पास कसा द्यायचा, यासाठी वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ, हळू गतीत. ऑफसाइडचा नियम मात्र व्हिडिओत ऐकून डोक्यावरून जातो. तिथे एक चित्र आणि लगेच चार प्रश्नांची क्विझ, चित्र बघून ऑफसाइड आहे की नाही हे सांगायची. आणि असाइनमेंट अशी की मैदानात जाऊन पन्नास पास द्या, मित्राला शूट करायला सांगा आणि ती क्लिप अपलोड करा. ज्याच्याकडे क्लिप चढवण्याइतका डेटा नाही, त्याच्यासाठी कागदावर टिक करायची यादी.

समजा, मिरचीचा कोर्स आहे. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरची येते. ती वाळवणं, निवडणं, प्रत ओळखणं शिकवायचं आहे. शिकणारी बाई दिवसभर खळ्यावर किंवा रानात. तिचे हात मोकळे नाहीत, डोळे मोकळे नाहीत, कान मोकळे आहेत. तिच्यासाठी पाच-पाच मिनिटांचे ऑडिओ. रंगावरून प्रत ओळखण्यासाठी मोजके चांगले फोटो. आणि सीमाभागातली, घरात कन्नड बोलणारी शेतकरीण असेल, तर तोच ऑडिओ कन्नडमध्येही. त्यासाठी वेगळा कोर्स काढायची गरज नाही, एक फाइल वाढते एवढंच.

मूडलमध्ये कंटेंटचे दोन मोठे गट केलेले असतात, रिसोर्स आणि अ‍ॅक्टिव्हिटी. रिसोर्स म्हणजे बघायचं, वाचायचं, ऐकायचं. अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे शिकणाऱ्यानं स्वतः काहीतरी करायचं. तुमचा कोर्स उघडा आणि दोन्ही मोजा. वीस रिसोर्स आणि एखादीच अ‍ॅक्टिव्हिटी असा हिशेब निघाला, तर विद्यार्थी नुसता बसून आहे असं समजा. बालमंदिरात मूल बसून राहत नव्हतं. त्याच्या हातात कायम काहीतरी होतं.

नंतर

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. अनुताई वाघांनी कोसबाडचं काम पुढे चालवलं, त्या १९९२ पर्यंत होत्या. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांमध्ये सुरू केली. तिच्या गावपातळीवरच्या केंद्राचं नाव अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत, आणि गडहिंग्लज तालुक्यातल्या कुठल्याही गावात गेलात तरी तुम्हाला ती पाटी दिसेल.

तेव्हा पुढच्या वेळी ती भली मोठी यादी समोर उघडली, की लगेच काही निवडू नका. आधी एका कागदावर तुमच्या कोर्समध्ये न आलेल्या, किंवा येऊन गळलेल्या पाच जणांची नावं लिहा. प्रत्येकापुढे कारण लिहा: डेटा संपतो, मराठी वाचता येतं पण सावकाश, दिवसभर दुकानात असतो, फोन घरात एकच आहे, चुकलं तर लाज वाटते. कारण माहीत नसेल तर फोन करून विचारा. मग त्या यादीकडे परत या आणि एकेक बटण त्या कारणांशी लावून बघा. जे कुठल्याच नावाशी जुळत नाही, ते सध्या राहू द्या.